पत्ता: साखर पेठ

खिडकीतल्या सिस्टरनं विचारलं, पत्ता?
साखर पेठ, म्हटलं.
तिनं मान वर केली, रिपोर्ट पाहिला,
आणि हसू दाबायला पदर नव्हता म्हणून
स्टॅपलर तोंडाशी धरला.
उपाशीपोटी दोनशे बारा.
मी पण हसलो. काय करणार,
पेठेचं नाव काय मी ठेवलं होतं?

डॉक्टर मुजावर मॅडमनी सगळं विचारलं.
भात किती वेळा? तीन.
आमच्या घरात भात म्हणजे घड्याळ, तीनदा वाजतो.
चालता का?
बारा तास मागापुढं उभा असतो, मॅडम.
ते उभं राहणं झालं, सत्तय्या. चालणं वेगळं.

मग भात दुपारचाच, मूठभर, पप्पूबरोबर.
रात्री ज्वारीची भाकरी. मला वाटलं भाकरीला माफी आहे,
चार हाणल्या.
मॅडम म्हणाल्या, चार भाकऱ्यांची पण साखरच होते हो.
मग दीड. उरलेल्या जागेत मेथी, काकडी, ताक.
गड्ड्यावरनं येताना शेंगाच्या पोळीचा वास
पार घरापर्यंत मागं आला,
मी वळलो नाही. (एकदा वळलो.)

पहाटे किल्ल्याच्या कडेकडेनं, तळ्याला वळसा.
पहिल्या दिवशी लाज वाटली:
हात हलवत, कुठंच न पोचायला चाललेला माणूस
मी आजवर पाहिला नव्हता.
आठवड्यानं धोबी ओळखू लागला.
महिन्यानं त्याचं कुत्रं.

तीन महिन्यांनी आकडे खाली आले.
बरा झालो, म्हणालो,
आणि गोळी बंद केली.
कुणाला सांगितलं नाही. बरं झालेल्यानं काय सांगायचं?

खिळा कधी घुसला, मला माहीत नाही.
चप्पल फाडून आत, अंगठ्याच्या खाली.
माग चालू, टॉवेल उतरतोय,
आणि शेजारच्या मागावरचा इरफान ओरडला,
का बे सत्तय्या, रंग कुठला सांडला?
फरशीवर माझ्या पायाचे ठसे. लाल.
दुखलं असतं तर बरं झालं असतं.

घरी राजमणी काही बोलली नाही.
मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं,
फळीवरनं गोळ्यांचं पाकीट काढलं
आणि मोजलं.
दिवसाला हजार विड्या वळणारी बाई,
पंचवीसच्या कट्ट्यात एक कमी असली
तर न बघता बोटांना कळतं तिच्या.
एकोणचाळीस जास्त, म्हणाली.
एवढंच.
कारखान्यात विड्या छाटून फेकतात ना चेकर,
त्या दिवशी मी तसा बसलो होतो, छाटलेला.

मॅडम रागावल्या नाहीत, तेच लागलं.
आकडे खाली होते ते गोळी होती म्हणून, म्हणाल्या.
हे मला कळायला नको होतं?
तीस वर्षं माग चालवला.
एक तार तुटली तर तिथंच थांबून गाठ मारतो,
नाहीतर टॉवेलभर रेघ जाते,
आणि ती दिसते घडी घालताना, माल बांधताना,
तोवर गज न् गज विणून झालेलं असतं.
दुसऱ्याच्या कापडाला मी इतका जपलो.

आता जखम भरलीय. सात आठवडे लागले.
गोळी सकाळी, गोळी रात्री, जेवणाबरोबर,
रिपोर्ट चांगला आला तरी, सण असला तरी,
पोरगं भिवंडीहून फोनवर विचारतं तेव्हा
खोटं बोलायची गरज पडत नाही
(शेंगाच्या पोळीचं सोडून).

रात्री राजमणी माझा पाय मांडीवर घेते.
जिथं दिवसभर सूप असतं, तिथं.
तळवा दिव्याकडं करते,
टेंभुर्णीचं पान धरावं तसा,
शीर बघते, भोक बघते, कड बघते.
तिच्या बोटांना तंबाखूचा वास.
गुदगुल्या होतात का? विचारते.
टाचेला होतात, म्हणतो.
अंगठ्याला?
मी थोडा वेळ थांबतो, खरंच शोधतो.
थोड्या, म्हणतो.
ती पुन्हा एकदा घासून बघते.